पाच डझन अधिक पाच डझन बरोबर एक नग

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबणार आहे हे आधीच सांगतो. कापायचं असेल तर शेवटून कापा, मधलं कापू नका, मधे हिशोब आहे.

झालं असं की माझी भाची इथेच सोलापुरात बीसीएला आहे, कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण तिला अजून दीड वर्ष तिथेच काढायचंय, आणि तिला पायथॉन या कॉम्प्युटर भाषेच्या प्रॅक्टिकलला ऑपरेटर ओव्हरलोडिंग आलं, म्हणजे अधिक-वजासारख्या चिन्हांना (ऑपरेटरना) आपल्या वस्तूंसाठी आपला अर्थ द्यायचा. बाकीच्या पोरांनी जर्नलात सोळा सोळा अठरा अठरा पानं भरली, हिने पावणेदोन पानात संपवलं. सरांनी जर्नल उघडलं, पानं उलटली आणि म्हणाले, "एवढंच? बाकीचे ऑपरेटर कुठायत?" ती म्हणाली, सर लागणारे सगळे आहेत, बरेचसे एकाच फंक्शनमधून, म्हणजे नाव दिलेल्या एकाच कोडच्या तुकड्यातून निघतात. त्यावर सर म्हणाले तसं चालत नाही, प्रत्येकाची वेगळी मेथड लिहून आण. दहापैकी पाच.

आता भाचीच्या पाच मार्कांसाठी मामाने पेपरात पत्र लिहायचं म्हणजे जरा जास्तच झालं, कबूल. पण मला मार्कांचं काही नाही, मला ते "वेगळी लिहून आण" लागलं, कारण तसंच वेगवेगळं लिहून मी स्वतः तोंडावर आपटलोय, आणि तेही गिऱ्हाईकासमोर.

मी कोण ते सांगतो. शिक्षण बी.कॉम., वडील यंत्रमागावर कामगार, आणि मी गेली बरीच वर्षं टॉवेल-चादरवाल्यांना स्टॉक आणि बिलाची छोटी सॉफ्टवेअरं करून देतो. आधी फॉक्सप्रो, मग एक्सेलचे मॅक्रो, आता पायथॉन. क्लास लावून शिकलो नाही, गरज पडेल तसं शिकलो, त्यामुळे माझं काही चुकलं तर तुमचे कॉम्प्युटरवाले वाचक सांगतीलच.

ज्यांना हा विषय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पायथॉनमधे दोन अधिक तीन म्हटलं की पाच येतात. 'सोला' अधिक 'पूर' म्हटलं की 'सोलापूर' येतं. चिन्ह तेच, पण आकड्यांमधे त्याचा अर्थ बेरीज आणि अक्षरांमधे जोडणी. म्हणजे अधिकचा अर्थ चिन्हात नाही, त्याच्या दोन्ही बाजूला काय बसलंय त्यात आहे. मग आपण आपली स्वतःची वस्तू बनवली, म्हणजे क्लास लिहिला, तर तिच्या बाबतीत अधिक म्हणजे काय हे आपणच सांगायचं, त्यासाठी क्लासमधे एका ठरलेल्या नावाची मेथड, म्हणजे क्लासच्या आतलं फंक्शन, लिहायची. ते नाव म्हणजे पुढे दोन अंडरस्कोर, मागे दोन अंडरस्कोर, मधे ॲड. मंडळी त्याला डंडर ॲड म्हणतात. वजाबाकीला डंडर सब, गुणाकाराला डंडर मल, असं चालू राहतं. कोड इथे लिहून दाखवला असता पण पायथॉनमधे ओळ किती आत सरकवलीय त्यावर अर्थ ठरतो आणि पेपरच्या कॉलममधे त्याचं काय होईल ते तुम्हालाही माहितीये, म्हणून तोंडीच सांगतो.

आता मोजा. आपली वस्तू डावीकडे असली तर डंडर ॲड चालतं. ती उजवीकडे असली आणि डावीकडे साधा आकडा असला तर उलटी मेथड लागते, आर-ॲड. आणि अधिक-बरोबर हे जोडचिन्ह वापरलं तर आय-ॲड. पायथॉनच्या अधिकृत कागदपत्रात दोन बाजू लागणाऱ्या अशा मेथडी १४ दिल्यात, त्यांच्या उलट्या १४, आणि जोडचिन्हाच्या १३, झाल्या ४१. त्यात लहान-मोठं-समान बघायच्या सहा वेगळ्या. एवढं सगळं एकाच साच्यातून कॉपी-पेस्ट करायचं आणि प्रत्येकात एक चिन्ह बदलायचं, याला आपल्याकडे प्रॅक्टिकल म्हणतात. मला वाटतं ही सवय सी प्लस प्लसच्या जर्नलांतून आलीये, तिथे वर्षानुवर्षं एकेक ऑपरेटर वेगळा लिहून घेतात. पण सी प्लस प्लसवाले जाणते लोकसुद्धा अधिक-बरोबर एकदा नीट लिहितात आणि साधं अधिक त्याच्यावरच उभं करतात, दोनदा लिहीत नाहीत.

(जोडचिन्हाच्या १३ बहुतेक वेळा लिहायच्याच नसतात. आय-ॲड नसेल तर पायथॉन गुपचूप डंडर ॲड वापरतो आणि आलेलं उत्तर त्याच नावाला चिकटवतो. जर्नलात मात्र पोरं तेही लिहितात, पानं भरतात ना.)

आता माझी गोष्ट. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलवाल्यांना मी स्टॉकचं सॉफ्टवेअर करून दिलं होतं. टॉवेल डझनावर विकला जातो पण मोजणी नगावर होते, म्हणून मी नग नावाचा क्लास केला, आत एकूण नग साठवायचे आणि दाखवताना डझन-नग करून दाखवायचे. ५ डझन ७ नग अधिक ३ डझन ८ नग म्हटलं की ९ डझन ३ नग. छान चालायचं. कोणी नगाच्या वस्तूत नुसता आकडा मिळवला, समजा अधिक ६, तर ते सहा नग धरायचे असा नियम ठेवला होता, आणि तो नियम मी अधिकच्या मेथडीत लिहिला, उलट्या अधिकच्या मेथडीत लिहिला, वजात, उलट्या वजात आणि तुलनेच्या सहाच्या सहा मेथडींत. दहा जागा. लिहिला कसला, चिकटवला.

महिन्याभराने मालक म्हणाले, "आमच्यात नुसता आकडा बोलला तर तो डझनच असतो ओ. फोनवर चाळीस म्हटला की चाळीस डझन. नग कोण बोलतंय?" बरोबरच होतं त्यांचं. मी घरी आलो, एडिटरमधे शोधा-आणि-बदला लावलं, "दुसरा" या व्हेरिएबलचा (म्हणजे आलेली किंमत ज्या नावाखाली ठेवतो त्याचा) आकडा जिथे जिथे घेतलाय तिथे तिथे गुणिले बारा. नऊ जागी बदललं. दहाव्या जागी, म्हणजे उलट्या वजाबाकीत, मी व्हेरिएबलला "दुसरा" ऐवजी "पहिला" असं नाव दिलं होतं, कारण उलट्या वजाबाकीत तो खरंच पहिला असतो, मी तेव्हा स्वतःला हुशार समजलो होतो. शोधा-आणि-बदला त्याच्या अंगावरून निघून गेलं.

अडीच महिने कुणाला पत्ता नाही. कारण उलटी वजाबाकी लागायची फक्त फोनवर आलेल्या ऑर्डरला, ऑर्डर नुसत्या आकड्यात टाकायची आणि त्यातून पाठवलेला माल वजा करायचा. एक दिवस ऑर्डर ४० डझन, पाठवला ३१ डझन, शिल्लक ९ डझन यायला पाहिजे. स्क्रीनवर आलं उणे २८ डझन ४ नग. कारण चाळीसचे चाळीसच नग धरले आणि त्यातून ३१ डझनाचे ३७२ नग वजा केले, झाले उणे ३३२. त्यात पायथॉन पूर्णांक भागाकार करताना नेहमी खालच्या आकड्याकडे सरकतो, त्यामुळे उणे ३३२ भागिले १२ म्हणजे उणे २८ आणि बाकी ४. खरं तर उणे २७ डझन ८ नग म्हणायला पाहिजे, म्हणजे चुकीतसुद्धा चूक. मालकांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "काय बे हे, गिऱ्हाईकाकडून टॉवेल परत आणायचे का?" तिथे माल भरणारी चार माणसं उभी होती, ती पण हसली. आधीच्या अशा किती ऑर्डरी चुकल्या ते शोधायला मला पुढचे दोन रविवार गेले.

तेव्हा मला कळलं की कॉपी-पेस्टचा त्रास टायपिंगचा नसतोच. टायपिंगला काय, बोटं आहेत. त्रास हा की "नुसता आकडा म्हणजे किती" हा एकच व्यवहार मी दहा माणसांना वेगवेगळा सांगून ठेवला होता, आणि बदलला तेव्हा एकाला निरोप पोचला नाही.

मग सुधारलं ते असं. पहिलं, समोरून जे काही येईल त्याचे नग करून देणारं एकच छोटं फंक्शन. नगाची वस्तू आली तर तिच्यातले नग घे, पूर्णांक आला तर गुणिले बारा, दुसरं काही आलं तर माझ्याकडे नाही असं सांग. दुसरं, एक जोडी बनवणारं फंक्शन. पायथॉनमधे ऑपरेटर नावाचं तयार मॉड्यूल, म्हणजे तयार कोडची फाईल, येतं, त्यात अधिक, वजा, गुणिले ही चिन्हं नसून नावाची फंक्शनं असतात, म्हणजे ती हातात धरून दुसऱ्या फंक्शनला देता येतात. तर या जोडीवाल्याला एक क्रिया द्यायची, समजा ऑपरेटर डॉट सब, आणि तो दोन मेथडी बनवून परत देतो, एक सुलटी, एक उलटी. सुलटीत आपले नग आधी, उलटीत समोरचे आधी, बाकी सगळं तेच. मग क्लासमधे एक ओळ, डंडर सब स्वल्पविराम डंडर आर-सब बरोबर जोडी, कंसात ऑपरेटर डॉट सब. संपलं. अधिकला तशीच अजून एक ओळ.

ही काही माझी शोधबुद्धी नाही. पायथॉनसोबत फ्रॅक्शन्स नावाचं अपूर्णांकांचं मॉड्यूल येतं, २००८ साली २.६ आवृत्तीत आलं, ते पायथॉनमधेच लिहिलेलं आहे, कुणालाही आपल्या मशीनवर फाईल उघडून वाचता येतं. त्यात हेच आहे, एक फंक्शन दोन मेथडी बनवून देतं आणि खाली एकेका ओळीत सुलटी-उलटीची जोडी चिटकवलेली. आता ज्यांनी भाषा घडवली त्यांनीच असं लिहिलंय म्हटल्यावर आमच्या पोरीचं दहापैकी पाच कुठून आलं, एवढंच मला विचारायचंय.

भाचीला मी हे आयतं दिलं नव्हतं बरं का. रविवारी ती घरी आली होती, कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढ्यात, लॅपटॉप शेजारी, मी म्हटलं तूच शोध. तिने आधी सोपी वाट घेतली, क्लासला इंटचाच वारसा दिला, म्हणजे नग हा पूर्णांकाचाच पोरगा, सगळी गणितं फुकट. झालंही, पण नग अधिक नग केलं की उत्तर नग न येता साधा पूर्णांक यायचा, डझन गायब. मग तिने ते टाकून दिलं आणि फॉर लूप लावला, म्हणजे यादीतल्या प्रत्येकासाठी तेच काम परत परत. यादीत चार क्रिया, अधिक, वजा, गुणिले आणि पूर्णांक भागिले, लूपच्या आतच डेफ करून (फंक्शन लिहून) मेथड बनवायची आणि सेटॲटर या तयार फंक्शनने क्लासला चिकटवायची. चालवलं. पाच डझन अधिक पाच डझन, उत्तर शून्य डझन एक नग. ती म्हणाली, मामा मशीन वेडं झालं. मग वजा करून बघितलं, पाच डझन वजा पाच डझन, परत एक नग.

मशीन वेडं नव्हतं, चारही मेथडी भागाकार करत होत्या. ६० भागिले ६० बरोबर एक. कारण लूपच्या आत बनलेलं फंक्शन क्रिया लक्षात ठेवत नाही, क्रिया कुठल्या नावाखाली ठेवलीय तेवढंच लक्षात ठेवतं, आणि प्रत्यक्ष चालवायची वेळ येते तेव्हा त्या नावाखाली लूपमधली शेवटची क्रिया उरलेली असते. मी तिला एसटी स्टँडचं उदाहरण दिलं. चौकशीच्या खिडकीवर बार्शीवाला आला, त्याला सांगितलं फळ्यावर बघा. पंढरपूरवाला आला, त्यालाही फळ्यावर बघा, अक्कलकोटवाला, तुळजापूरवाला, सगळ्यांना तेच. आतला माणूस प्रत्येक वेळी फळा पुसून नवीन गाव लिहितोय. चौघं चहा पिऊन फळ्यापाशी आले तेव्हा त्यावर एकटं तुळजापूर. गेले चौघंही तुळजापूरला. प्रत्येकाच्या हातात त्याच्या गाडीची चिठ्ठी दिली असती तर हे झालं नसतं, आणि मेथडी बनवणारं वेगळं फंक्शन तेच करतं, प्रत्येक वेळी ते नव्याने बोलावलं जातं म्हणून प्रत्येक मेथडीच्या हातात स्वतःची क्रिया राहते. भाचीला लगेच पटलं, दहा मिनिटात दुरुस्त केलं.

आणि मला इथे एक गोष्ट फार आवडली. तिची चूक पहिल्याच बेरजेला उघडी पडली, भाकरी गार व्हायच्या आत. माझी अडीच महिने लपून बसली होती. दोन्ही चुकाच, पण तिच्याकडे सगळं एका जागी होतं म्हणून बिघडलं तेव्हा सगळंच बिघडलं, लपायला जागाच नव्हती. माझ्याकडे दहातलं एक बिघडलं होतं आणि नऊ चांगले साक्षीला उभे होते.

हे वडिलांनी मला वेगळ्या शब्दात सांगितलं होतं, कॉम्प्युटरचा गंध नसताना. सोलापुरी चादरीची नक्षी जकार्डवर निघते हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ मागावर चढवतात, भोक असेल तिथला दोरा वर जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि माळेचं शेवटचं कार्ड पहिल्याला शिवलेलं असतं म्हणून तीच नक्षी परत परत पडते. फ्रान्सच्या जकार्डने हे १८०४ च्या सुमाराला काढलं आणि पुढे इंग्रज गणिती बॅबेजने आपल्या गणिती यंत्रासाठी कार्डांची कल्पना त्याच्याकडूनच घेतली. तर वडील म्हणायचे, कार्डात भोक चुकलं तर बरं, पहिल्या हातभर कापडातच दिसतं, मोरामागून मोर लंगडा निघतो, एक कार्ड बदललं की काम झालं. दोरा मधेच कुठे तुटला आणि नुसता एका जागी डाग पडला तर मात्र तो घडीत जातो, गाठीत जातो आणि परगावच्या व्यापाऱ्याकडून परत येतो.

पण सगळं एकाच साच्यात कोंबायचं असंही नाही, आणि इथे मी सरांच्या बाजूने थोडं बोलतो. लूप दुरुस्त झाल्यावर भाचीने पाच डझन गुणिले दोन करून बघितलं. उत्तर आलं १२० डझन! दहा यायला हवे होते. कारण साच्यात नियम आहे की नुसता आकडा म्हणजे डझन, मग दोनचे झाले २४ आणि ६० गुणिले २४ म्हणजे १४४० नग. बेरजेत दोन म्हणजे दोन डझन, पण गुणाकारात दोन म्हणजे दोनदा. तो डझन नव्हे, नगही नव्हे, नुसता पट आहे. डझनाला डझनाने गुणलं तर येतं काय, चौरस टॉवेल? आणि डझनाला डझनाने भागलं तर येतो तो टॉवेल नसतो, किती पट तो आकडा असतो. म्हणजे अधिक-वजाचं एक घर, गुणाकाराचं वेगळं, भागाकाराचं तिसरं. लिहिताना चारही मेथडी अगदी सारख्या दिसतात, म्हणून माणूस फसतो. एका जागी काय आणायचं ते ओळी सारख्या दिसतात म्हणून ठरवायचं नाही, व्यवहार एक आहे का ते बघायचं. सरांनी तिला हे विचारलं असतं, "गुणाकार याच साच्यात का नाही घातलास?" तर तो खरा व्हायवाचा, म्हणजे तोंडी परीक्षेचा, प्रश्न झाला असता. तिला उत्तर येत होतं. शेवटच्या कोडमधे तिने गुणाकार वेगळा लिहिलाच होता आणि भागाकार काढूनच टाकला होता, लागत नाही म्हणून. सरांनी पानं मोजली.

अजून एक सांगतो कारण अठरा पानांच्या एका जर्नलात मी तेच बघितलं, भाचीच्या मैत्रिणीचं होतं. समोर भलतंच काही आलं, समजा नग अधिक 'साबण', तर काय करायचं? त्या जर्नलात प्रत्येक मेथडीत टाइपएरर उडवलेला होता, म्हणजे 'हा प्रकार चालत नाही' अशी चूक दाखवून तिथेच थांबायचं. वरवर बरोबर वाटतं. पण पायथॉनची पद्धत सभ्य आहे, तो आधी डावीकडच्याला विचारतो, जमतं का, त्याने नॉटइम्प्लिमेंटेड, म्हणजे 'मला जमत नाही' असा निरोप, परत दिलं तर उजवीकडच्याला विचारतो, तुला जमतं का, दोघांनीही तेच सांगितलं तर मगच स्वतः टाइपएरर देतो. नवी पेठेत एका दुकानात माल नसला तर दुकानदार म्हणतो शेजारी बघा. त्याऐवजी त्याने शटरच ओढलं तर शेजाऱ्याकडे माल असून उपयोग काय. म्हणून नॉटइम्प्लिमेंटेड हे परत द्यायचं असतं, उडवायचं नसतं, आणि नॉटइम्प्लिमेंटेडएरर नावाची दुसरीच एक भानगड आहे तिच्याशी गल्लत करायची नसते. एका जागी चुकीचं लिहिलं असतं तर एकदा सुधारलं असतं, त्या पोरीला आता अकरा जागी सुधारायचंय.

यादीची बेरीज करणारं सम फंक्शनही याच उलट्या वाटेने चालतं. सम शून्यापासून सुरू करतो, म्हणजे पहिलीच बेरीज शून्य अधिक नग अशी. शून्याला नग म्हणजे काय माहीत नाही, तो सांगतो शेजारी बघा, मग आपलं आर-ॲड पुढे येतं. आर-ॲड नसेल तर सम तिथेच बोंबलतो आणि पोरं विचारतात, सर अधिक तर चालतंय मग सम का नाही. जोडीने बनवलं की हा प्रश्नच येत नाही, सुलटीबरोबर उलटी आपोआप येते, विसरायची सोयच नाही.

तुलनेच्या सहा मेथडींसाठी तर इतकंही करायला नको, पायथॉनच्याच फंक्टूल्स मॉड्यूलमधे टोटल ऑर्डरिंग नावाचं डेकोरेटर, म्हणजे क्लासच्या डोक्यावर लावायची एक ओळ, आहे, समान आणि लहान या दोन लिहा, बाकीच्या आपोआप मिळतात. थोडं हळू चालतं म्हणतात, आपल्या टॉवेलांना काही फरक पडत नाही. मात्र समानची मेथड लिहिली की वस्तूचा हॅश, म्हणजे पटकन शोधायला लागणारा तिचा आकडा, जातो, मग ती सेटमधे किंवा डिक्शनरीची किल्ली म्हणून बसत नाही, हॅश वेगळा लिहावा लागतो. यात माझी एक संध्याकाळ गेलीये.

सेटॲटर की एकेका ओळीत जोडी, यावर माझं आणि भाचीचं अजून एकमत नाही. तिला लूप आवडतो, छोटा दिसतो. मला ओळी आवडतात, क्लास उघडला की डोळ्याला दिसतं कुठली चिन्हं चालतात. उद्या एखादं चिन्ह वाढलं, जसं मॅट्रिक्सच्या गुणाकाराचं ॲटचं चिन्ह २०१५ ला ३.५ मधे वाढलं, तर एक ओळ टाकायची. मात्र ही मेथड वस्तूला चिकटवून उपयोग नाही, ती क्लासलाच लागते, कारण अधिकचं चिन्ह दिसलं की पायथॉन ती क्लासमधेच शोधतो, वस्तूच्या खिशात हात घालत नाही. गेटॲटरची युक्ती (वस्तूत नसलेलं नाव मागितलं की आयत्या वेळी पुरवायचं) पण म्हणूनच इथे चालत नाही, ती मी करून बघितलीये.

संपादकसाहेब, तुम्ही विद्यार्थ्यांसाठी पान काढता, त्यात इंटरव्ह्यूला काय घालावं ते येतं, त्याच्या शेजारी कधीतरी प्रॅक्टिकलचं जर्नल कसं तपासावं यावर कुणा जाणत्या मास्तरांकडून लिहून घ्या, आमच्या गावात असे मास्तर आहेत, मला दोन-तीन माहितीयेत. पोरं पुण्याला नोकरीला जातात, हुतात्मा एक्स्प्रेस दर रविवारी भरून जाते, आणि तिथे पहिल्याच आठवड्यात कोणीतरी त्यांचा कोड बघून विचारतं हे अकरा वेळा का लिहिलंय. तेव्हा पोर काय सांगणार, कॉलेजात अकरा वेळा लिहिलं की दहापैकी दहा मिळायचे?

भाचीला जर्नल परत लिहून द्यायचंय, शनिवारपर्यंत. काल तिचा फोन आला, मामा, अठरा पानं लिहू का? मी म्हटलं लिही बाई, मार्क पाहिजेत ना. फक्त उलट्या वजाबाकीत व्हेरिएबलचं नाव "दुसरा"च ठेव.

आपला,
टॉवेलवाल्यांचा एक प्रोग्रामर,
अशोक चौक, सोलापूर